भाडे वाढवले, की अडचणीचा फायदा घेतला?

पत्राचा सारांश : ठाण्यात नौपाड्याला राहणाऱ्या एका सेवानिवृत्त शिक्षिकेचे हे पत्र आहे. त्यांच्या दिवंगत पतींनी ऐरोलीत घेतलेली एक बीएचके सदनिका त्यांनी चार वर्षांपूर्वी एका कुटुंबाला भाड्याने दिली. घरात पती, पत्नी आणि आता नववीत असलेली मुलगी आहे. सुरुवातीचे २१,००० रुपये भाडे मधल्या काळात एकदाच वाढले आणि २२,००० झाले. भाडे वेळेवर येते, घर नीटनेटके ठेवले जाते. अलीकडेच भाडेकरूच्या पत्नीला घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर, ऐरोलीतल्याच आयटी पार्कमध्ये नोकरी लागली आणि ते दोघे पेढे घेऊन भेटायला आले. त्यानंतर थोड्याच दिवसांनी, करार संपायला तीन महिने असताना, पत्रलेखिकेने फोन करून सांगितले की एजंटच्या म्हणण्याप्रमाणे अशा घराला सध्या २८,००० रुपये मिळतात, शिवाय आता तुमच्याकडे दोन पगार येतात, तेव्हा नव्या करारात २८,००० धरू या. त्यावर उत्तर आले, "काकू, आम्ही आता इथून हलू शकत नाही हे बघून तुम्ही भाडं वाढवताय." हे वाक्य त्यांच्या मनाला लागले आहे. मुलगा म्हणतो की बाजारभाव घेण्यात गैर काही नाही. जाऊबाई म्हणतात की चांगली माणसे घालवू नका. पत्राच्या अगदी शेवटी त्या लिहितात की सोसायटीचा मेंटेनन्स दरमहा ८०० रुपयांनी वाढला असून इमारतीच्या दुरुस्तीसाठी त्यांनी गेल्या वर्षी ६०,००० रुपये भरले आहेत. त्यांचा प्रश्न असा : "मी अन्याय केला का? केला नसेल, तर माझ्या हेतूवर त्यांनी संशय का घ्यावा?"

उत्तर :

तुम्ही दोन प्रश्न विचारले आहेत आणि त्यांची उत्तरे एकच असतील असे गृहीत धरले आहे. भाडे न्याय्य असेल, तर हेतूवर संशय घेण्याचे कारण उरत नाही, असा तुमचा विचार दिसतो. मला इथेच थोडे थांबावेसे वाटते, कारण एखादी रक्कम बाजाराच्या हिशेबाने अगदी बरोबर असूनही ती मागण्याची पद्धत, वेळ आणि सांगितलेले कारण यांमुळे समोरच्याला ती अन्यायाची वाटू शकते, आणि तसे वाटणाऱ्या माणसाला अविचारी किंवा कृतघ्न म्हणता येत नाही.

तुमच्या प्रसंगाशी थक्क करण्याइतके साम्य असलेला एक प्रश्न कॅनडातील लोकांना १९८० च्या दशकात विचारला गेला होता. डॅनियल कानेमान, जॅक नेच आणि रिचर्ड थेलर या तिघा संशोधकांनी टोरांटो आणि व्हँकुव्हर भागातील लोकांना दूरध्वनीवरून आर्थिक व्यवहारांचे छोटे छोटे प्रसंग सांगितले आणि प्रत्येक प्रसंगातील वागणे त्यांना मान्य आहे की अन्यायाचे वाटते, एवढेच विचारले. १९८६ साली त्यांनी हे निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांतला एक प्रसंग असा होता : एका घरमालकाला कराराच्या नूतनीकरणाच्या वेळी कळते की भाडेकरूला घराच्या अगदी जवळ नोकरी लागली आहे आणि त्यामुळे तो घर सोडण्याची शक्यता कमी आहे, तेव्हा मालक मनात ठरवलेल्या वाढीपेक्षा दरमहा ४० डॉलर जास्त वाढ करतो. ९१ टक्के लोकांनी हे अन्यायाचे ठरवले.

याच मालिकेत घरमालकाचाच दुसरा एक प्रसंग होता. ठरावीक उत्पन्नावर जगणारा भाडेकरू, भाडे वाढले तर त्याला घर सोडावे लागणार, मात्र आसपास दुसरी घरे उपलब्ध आहेत. मालकाचा खर्च वर्षभरात बराच वाढला आहे आणि तो भरून काढण्यासाठी तो भाडे वाढवतो. खरे तर या भाडेकरूचे हाल पहिल्यापेक्षा जास्त आहेत, आणि तरीही ७५ टक्के लोकांना मालकाचे वागणे मान्य होते. म्हणजे लोकांनी केवळ भाडेकरूच्या नुकसानीचे माप काढले नाही. वाढ कोठून आली हे त्यांनी पाहिले : मालकाच्या खर्चातून आली असेल तर मान्य, भाडेकरूच्या अडकण्यातून आली असेल तर अमान्य.

आपल्याकडेही हीच कसोटी रोज वापरली जाते. दसऱ्याच्या आदल्या दिवशी ठाण्याच्या बाजारात झेंडू महागतो तेव्हा आपण कुरकुरतो, पण फुलवालीशी भांडत नाही, कारण तिलाही तो घाऊक बाजारात महाग मिळाला असणार हे आपल्याला ठाऊक असते. तेच मुसळधार पावसात स्टेशनबाहेर एखादा रिक्षावाला मीटर न टाकता दुप्पट पैसे मागतो, तेव्हा राग येतो, कारण त्याच्या खर्चात काही बदललेले नसते. बदललेली असते ती आपली अगतिकता.

आता स्वतःचा फोन आठवून पाहा. तुम्ही दोन कारणे दिलीत : एजंटने सांगितलेला भाव आणि त्यांच्या घरात येणारा दुसरा पगार. यांपैकी एकही कारण तुमच्या बाजूचे नाही. तुमच्या बाजूची जी कारणे खरोखर होती, म्हणजे वाढलेला मेंटेनन्स आणि दुरुस्तीचे ६०,००० रुपये, ती तुम्ही मला पत्राच्या शेवटच्या ओळींत सांगितलीत आणि त्यांना सांगितलीच नाहीत. जे पेढे देऊन त्यांनी तुम्हाला आपल्या आनंदात सहभागी करून घेतले, तीच बातमी काही दिवसांतच भाडेवाढीचे कारण म्हणून त्यांच्याकडे परत गेली. तुमच्या मनात काय होते हे त्यांना दिसत नाही. दिसतो तो घटनांचा क्रम आणि ऐकू येतात ते शब्द. त्या क्रमावरून आणि शब्दांवरून त्यांनी जो अर्थ काढला, तो तुमच्या दृष्टीने चुकीचा असेलही, पण तो ओढूनताणून काढलेला नाही.

तुमचे चिरंजीव म्हणतात की बाजारभाव घेण्यात गैर काही नाही. त्यांचे म्हणणे मी उडवून लावणार नाही, कारण नव्या भाडेकरूच्या बाबतीत ते पूर्णपणे खरे आहे. त्याच कॅनडातील पाहणीत एका छोट्या झेरॉक्सच्या दुकानाचा प्रसंग होता. तिथल्या कामगाराला तासाला नऊ डॉलर मिळतात, त्या भागात बेकारी वाढल्याने इतर दुकाने तशाच कामाला सात डॉलर देऊ लागतात, म्हणून मालक त्याच कामगाराची मजुरी सातवर आणतो. ८३ टक्के लोकांनी हे अन्यायाचे म्हटले. मात्र जुना कामगार स्वतःहून सोडून गेला आणि मालकाने नवा माणूस सात डॉलरवर ठेवला, तर ते ७३ टक्के लोकांना मान्य होते. दुकान तेच, काम तेच, बाजारभावही तोच. फरक इतकाच, की जुन्या माणसाशी चालत आलेला एक व्यवहार होता आणि दोघांनीही तो मोजपट्टी म्हणून धरला होता. उद्या ऐरोलीच्या त्या घरात नवे कुटुंब २८,००० रुपयांवर आले, तर कोणीही तुम्हाला बोल लावणार नाही. चार वर्षे राहिलेल्या कुटुंबाच्या मनात मात्र मोजपट्टी २२,००० ची आहे, आणि तिच्यापासून एकदम ६,००० रुपये वर जायचे तर त्याला कारण द्यावे लागते.

हेतूबद्दलचा तुमचा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो. आर्मिन फाल्क, अर्न्स्ट फेर आणि उर्स फिशबाखर या अर्थशास्त्रज्ञांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगाने त्यावर जो प्रकाश टाकला, तो आपल्या रोजच्या व्यवहारांना फार जवळचा आहे. प्रयोग साधा आहे. दहा गुणांची दोघांत वाटणी करायची आणि त्या गुणांचे पुढे पैसे मिळणार. पहिल्याने वाटणी सुचवायची. दुसऱ्याने ती स्वीकारली तर त्याप्रमाणे दोघांना मिळणार, नाकारली तर दोघांनाही काहीच नाही. पहिल्यापुढे फक्त दोन पर्याय ठेवले होते. त्यातला एक प्रत्येक वेळी तोच होता : आठ मला, दोन तुला. दुसरा पर्याय मात्र बदलत गेला. दुसरा पर्याय पाच-पाचचा असताना पहिल्याने आठ-दोन सुचवले, तर सुमारे ४४ टक्के लोकांनी पदरचे दोन सोडून ते नाकारले. दुसरा पर्याय दोन मला आणि आठ तुला असा असताना सुमारे २७ टक्क्यांनी नाकारले. दुसरा पर्यायही आठ-दोनचाच, म्हणजे निवडायला काहीच नसताना, १८ टक्क्यांनी. आणि दुसरा पर्याय दहा मला, शून्य तुला असा असताना केवळ ९ टक्क्यांनी.

चारही वेळी हातात पडणारे गुण दोनच होते, पण लोकांनी समोरच्याला काय करता आले असते आणि त्याने काय केले हे तोलले. हेतू उघडून पाहता येत नाही, म्हणून माणसे नाकारलेल्या पर्यायांवरून तो ओळखतात. यातला १८ चा आकडाही मी तुमच्या नजरेआड होऊ देणार नाही. समोरच्याच्या हातात काहीच नव्हते हे माहीत असूनही काहींनी ती वाटणी नाकारलीच. म्हणजे हेतू कितीही निर्मळ असला तरी रक्कम स्वतःही बोलते, आणि "माझ्या मनात तसे नव्हते" एवढे सांगून सहा हजारांचा भार हलका होत नाही.

तुमच्या भाडेकरूंनी काय तोलले असेल? त्यांच्या दृष्टीने काकूंना २३,००० मागता आले असते, २४,००० मागता आले असते, वाढ दोन वर्षांत विभागता आली असती. त्यांनी थेट २८,००० निवडले. तुमच्या दृष्टीने मात्र चित्र वेगळे आहे : मला करार संपवून घर रिकामे करायला सांगता आले असते, शेवटच्या आठवड्यात कळवता आले असते, मी तीन महिने आधी, एजंटला मध्ये न घालता स्वतः फोन केला. दोघेही खरे सांगत आहात. तुम्ही एकाच निर्णयाशेजारी वेगवेगळे पर्याय मांडून पाहता आहात, आणि असे पर्याय कोणी मोठ्याने बोलून दाखवत नाही, म्हणूनच आपल्याकडची बहुतेक भांडणे रकमेवरून सुरू होऊन माणसाच्या स्वभावावर जातात.

तुमची आणखी एक खंत ओळींच्या मध्ये जाणवते : चार वर्षांत एकदाच हजार रुपये वाढवले, त्याची कोणाला किंमतच नाही. यामागे मनुष्यस्वभावाचा एक विषमपणा आहे. जोशुआ नोब या तत्त्वज्ञाने न्यूयॉर्कमधील मॅनहॅटनच्या एका बागेत लोकांना एक प्रसंग सांगितला आणि त्याचे उत्तर २००३ साली प्रसिद्ध केले. कंपनीचा अध्यक्ष फक्त नफ्यासाठी एक योजना सुरू करतो. तिच्यामुळे पर्यावरणाची हानी होईल हे त्याला सांगितलेले असते, पण त्याला त्याचे काही सोयरसुतक नसते. हानी त्याने मुद्दाम केली का, असे विचारल्यावर ८२ टक्के लोक हो म्हणाले. दुसऱ्या गटाला तोच प्रसंग सांगितला, फक्त त्यात पर्यावरणाचा फायदा होणार होता. तो फायदा त्याने मुद्दाम केला, असे मात्र २३ टक्केच म्हणाले. बेफिकिरीतून झालेल्या वाईटाचा दोष लागतो. बेफिकिरीतून झालेल्या चांगल्याचे श्रेय मिळत नाही. तेव्हा तुम्ही स्वतःला विचारावे : ती तीन-चार वर्षे भाडे फारसे वाढवले नाही, ते त्यांच्यासाठी वाढवले नाही, की तो विषय काढायचे राहून गेले? त्यांच्यासाठी असेल, तर ते त्यांना कधी सांगितले का? न सांगितलेली सवलत घेणाऱ्याच्या लेखी सवलत राहत नाही. काही काळाने तोच नेहमीचा दर होतो.

या सगळ्या पाहण्या परदेशातल्या आहेत, काल्पनिक प्रसंगांवर किंवा छोट्या रकमांवर बेतलेल्या आहेत, आणि बहुसंख्यांना जे अन्यायाचे वाटते ते अन्यायाचे असतेच असेही नाही. कानेमान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीही लोक कसे ठरवतात हेच नोंदवले होते, काय बरोबर आहे याचा निवाडा दिला नव्हता. म्हणून ९१ टक्क्यांच्या मताने मी तुम्हाला दोषी ठरवणार नाही. त्याऐवजी एक प्रश्न तुमच्यापुढे ठेवते, आणि त्याचे उत्तर फक्त तुम्हालाच देता येईल : भाडेकरूच्या पत्नीला ती नोकरी लागली नसती, तर तुम्ही किती भाडे मागितले असते? उत्तर २८,००० असेल, तर तुमचा निर्णय त्यांच्या अडचणीतून आलेला नाही आणि चूक फक्त मांडणीची आहे. उत्तर २५,००० असेल, तर वरचे ३,००० रुपये त्यांच्या नोकरीवर लावलेले आहेत, आणि ते मागे घेणे मला योग्य वाटते. तुमचे पत्र अनेकदा वाचल्यावर मला वाटते की खरे उत्तर दुसऱ्या आकड्याच्या जवळ असावे, कारण भाडेवाढीशी काही संबंध नसलेली दोन पगारांची गोष्ट तुम्ही फोनवरही सांगितली आणि पत्रातही लिहिली.

आता व्यवहाराकडे वळू. ६०,००० रुपयांची दुरुस्ती पाच वर्षांवर विभागली तर महिन्याला हजार रुपये होतात. त्यात मेंटेनन्सचे ८०० मिळवले की १,८०० होतात. म्हणजे २३,८०० पर्यंतची वाढ तुम्ही कागदावर दाखवून देऊ शकता. त्यापलीकडे काहीच घेऊ नये, असे मी म्हणणार नाही. घर तुमचे आहे, भाव चढले आहेत आणि त्या चढीचा काही वाटा तुमच्याकडे येण्यात गैर नाही. फक्त तो एकदम आणि अचानक येऊ नये. मी तुमच्या जागी असते तर या करारासाठी २४,००० आणि पुढच्या करारासाठी २६,००० असे दोन्ही आकडे आजच लिहून दिले असते.

यात तुमचे फार नुकसान होते का, हेही पाहू. ते कुटुंब गेले, घर एक महिना रिकामे राहिले, मग १० महिने २८,००० मिळाले आणि त्यातून एका महिन्याचे भाडे एजंटला गेले, तर ११ महिन्यांत तुमच्या हाती २,५२,००० येतील. आहे त्याच कुटुंबाकडून २४,००० प्रमाणे २,६४,००० येतील. दुसऱ्या कराराच्या ११ महिन्यांत नवा भाडेकरू ३,०८,००० देईल आणि जुना २,८६,०००. दोन्ही करार मिळून नव्याकडून १०,००० रुपये जास्त येतात, पण घर नव्याने रंगवायचा खर्च त्यातून वजा करायचा आहे. पैशाच्या हिशेबात दोन्ही बाजू जवळपास सारख्या उतरतात, म्हणून निर्णय तुम्ही मोकळ्या मनाने घेऊ शकता.

कायद्याच्या बाजूने थोडक्यात सांगते. नव्या करारातले भाडे हा दोघांच्या संमतीचा विषय आहे, पण महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार करार लेखी करून नोंदवणे बंधनकारक असून ती जबाबदारी घरमालकाची आहे. नोंदणी केली नसेल, तर घर कोणत्या अटींवर दिले याबाबत भाडेकरूचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. भाडेवाढीचे टप्पे करारात लिहून घेतले, तर दर वर्षी हा अवघड फोन करावा लागत नाही. आणि "सोसायटीने खूप वाढवलं" असे मोघम कारण देणाऱ्या मालकांनी आधी बिल पाहावे. घर भाड्याने दिल्याबद्दल सोसायटी जे बिनभोगवटा शुल्क घेते, ते सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त असू शकत नाही.

हे सदर वाचणाऱ्या भाडेकरूंनाही मला काही सांगायचे आहे. जुने भाडे ही मोजपट्टी असते, कायमचा हक्क नसतो. अनेक वर्षे वाढ न करणाऱ्या मालकाने पहिली मोठी वाढ मागितली, की त्याच्या हेतूवर बोट ठेवण्याआधी "ही वाढ कशामुळे?" एवढे विचारावे. एकदा हेतूवर आरोप झाला की समोरचा माणूस रकमेचा विचार सोडून स्वतःच्या अब्रूचा बचाव करू लागतो, आणि मग २४,००० ला तयार असणारी व्यक्तीही २८,००० वर अडून बसते.

तुमच्याबाबतीत ती वेळ अजून आलेली नाही. पुन्हा फोन करू नका. त्यांना घरी बोलावा किंवा ऐरोलीला जाऊन भेटा, आणि मेंटेनन्सचे बिल व दुरुस्तीची पावती बरोबर ठेवा. दोन पगारांचा उल्लेख करायला नको होता, हे आधी सांगा. त्यासाठी लांबलचक खुलासा करू नका, कारण खुलासा लांबला की तो बचावासारखा ऐकू येतो. मग दोन्ही वर्षांचे आकडे सांगा, त्यामागचे कागद दाखवा आणि त्यांना आठवडाभराचा वेळ द्या. मुलाने सुचवले तरी घासाघीस होईल म्हणून मुद्दाम चढा आकडा सांगू नका. तसे केले तर खाली आलेला प्रत्येक रुपया त्यांना आधीच्या लबाडीचा पुरावा वाटेल. त्यांनी २३,००० सांगितले तर त्यांचेही कारण ऐका. मुलीच्या दहावीचे वर्ष तोंडावर आहे आणि पत्नीचा पूर्ण पगार सुरू व्हायला काही महिने असतील, तर २४,००० चा टप्पा तीन महिने पुढे ढकलण्याने तुमचे ३,००० रुपयेच कमी होतील.

एवढे करूनही त्यांनी घर सोडायचे ठरवले, तर ते तुमच्यावरचा निकाल समजू नका. एजंटला कामाला लावण्याआधी त्यांच्याकडून घर सोडण्याची तारीख लेखी घ्या, मुलीची परीक्षा त्या सुमारास येत असेल तर ती होईपर्यंत त्यांना राहू द्या, आणि किल्ली हातात आली त्याच दिवशी डिपॉझिटची रक्कम, काही कपात असेल तर तिच्या पावतीसह, त्यांना परत करा.